जुनी मोटार उभ्या जागीं कां बंद पडते?

मोटार धांवतां धांवतां बंद पडली तर मालकाला तिचा राग येतो. पण धांवतांना उत्तम आणि उभी राहिली कीं बंद, असें जेव्हां होऊं लागतें तेव्हां रागापेक्षां कोडेंच अधिक पडतें. लाल दिवा लागतो, पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो, इंजिन दोनचार गचके खातें आणि मुकें होतें. मागून कर्ण्यांचा गलका सुरू होतो. मालक घाईघाईनें स्टार्टर मारतो, इंजिन पुन्हां चालू होतें आणि पुढच्या चौकांत पुन्हां तोच प्रकार! सपाट रस्त्यावर हा नुसता त्रास आहे. परंतु रेल्वेच्या फाटकांत, किंवा घाटाच्या चढावर मागें भरलेली मालमोटार उभी असतांना, हाच प्रकार जिवावर बेतूं शकतो.

महाराष्ट्रांत जुन्या मोटारींपैकीं सर्वांच्या ओळखीची म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यांत तयार होणारी फियाट ११००, जी पुढें प्रीमियर पद्मिनी या नांवानें विकली गेली. चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरचें हें इंजिन. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिनें कित्येक दशकें काढलीं. टॅक्सीला घातलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उठली. नुसत्या आवाजावरून दोष ओळखणाऱ्या मिस्त्र्यांचें गिऱ्हाईकही तिच्याबरोबर गेलें. आतां ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या बहुतेक हौशी मालकांच्या घरीं, कोणाच्या वडिलांची आठवण म्हणून, कोणाच्या लग्नाची वरात जींतून निघाली ती गाडी म्हणून, जपलेल्या आहेत. नव्या गॅरेजांतील तरुण कारागीर दोष वाचण्याचें यंत्र हातांत घेऊन पुढें येतो. पण तें यंत्र जोडावयास या गाडींत जागाच नसते. मग तो डोळ्यांसमोर दिसणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवितो. इंजिनाचा वेग वाढतो, तें बंद पडत नाहीं, आणि मालक पैसे देऊन समाधानानें घरीं जातो. या गाड्यांची खरी हानि येथून सुरू होते.

ती कशी, हें कळण्यासाठीं इंजिन उभ्या जागीं कसें चालतें तें प्रथम पाहिलें पाहिजे. कार्ब्युरेटरच्या नळींत एक चपटी झडप असते. तिला थ्रॉटल म्हणतात. पाय दाबला कीं ती उघडते, पाय काढला कीं जवळजवळ मिटते. मिटलेल्या झडपेच्या कडेनें अगदीं थोडी हवा आंत शिरते. इंजिन मात्र आपल्या परीनें हवा ओढीतच असतें. त्यामुळें झडपेच्या पलीकडील नळींत मोठी पोकळी, म्हणजे निर्वात, उत्पन्न होते. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारें ३० इंचांइतका असतो. निरोगी इंजिन मंद चालत असतांना नळींतील दाब त्याहून १७ ते २१ इंचांनीं कमी भरतो. या ओढीनें स्लो जेट नांवाच्या, सुईच्या अग्राएवढ्या भोंकांतून पेट्रोल वर येतें आणि झडपेच्या कडेशीं असलेल्या बारीक छिद्रांतून नळींत पडतें. मंद गतीचा सारा संसार एवढ्याशा हवेवर आणि एवढ्याशा पेट्रोलवर चालतो.

म्हणूनच मंद गति ही इंजिनाची सर्वांत अवघड परीक्षा होय. गाडी वेगानें चालली असतां कोठेंतरी गॅस्केटच्या फटींतून थोडी जादा हवा शिरली, तर प्रचंड प्रवाहांत तिचें कांहींच वाटत नाहीं. उभ्या जागीं तीच हवा मिश्रण इतकें पातळ करते कीं तें पेट घेत नाहीं. ठिणगीचेंही तसेंच आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनाचे मिनिटाला ८०० फेरे होत असतांना मिनिटाला १६०० वेळां ठिणगी पडते, आणि प्रत्येक सिलिंडराच्या वांट्याला ४०० ठिणग्या येतात. एका सिलिंडराच्या ठिणग्या चुकल्या कीं शक्तीचा चौथा हिस्सा गेला. वेगांत फ्लायव्हीलचा जोर ही उणीव झांकून नेतो. मंद गतींत झांकावयास कांहीं शिल्लकच नसतें.

आतां तो स्क्रू. कार्ब्युरेटरवर दोन स्क्रू असतात आणि त्यांची कामें अगदीं भिन्न आहेत. एक थ्रॉटलची झडप किती मिटावी हें ठरवितो. त्याला वेगाचा स्क्रू म्हणूं. दुसरा मंद गतीचें मिश्रण किती आंत जावें हें ठरवितो; तो मिश्रणाचा स्क्रू. वेगाचा स्क्रू आंवळला कीं झडप थोडी उघडी राहते, हवा व पेट्रोल अधिक जातें आणि दोष दडून जातो. नाहींसा होत नाहीं. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, असा हा प्रकार आहे. झडप फार उघडी राहिली म्हणजे मिश्रणाचा स्क्रू ज्या छिद्रावर अंमल चालवितो तें छिद्र बाजूला पडतें आणि पेट्रोल पुढच्या छिद्रांतून येऊं लागतें. मग मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरविला तरी इंजिनावर परिणाम दिसत नाहीं. त्यावरून कार्ब्युरेटरच खराब झाला असें निदान होतें आणि नवा कार्ब्युरेटर बसवितात. पुष्कळदां तोही आठ दिवसांत तसाच वागूं लागतो, कारण दोष त्याचा नव्हताच. दरम्यान इंजिन उभ्या जागीं भणाणत राहतें, गिअर पडतांना खडखडतो, उतारावर ब्रेकांवर भार येतो आणि किल्ली बंद केली तरी इंजिन कांहीं क्षण धडधडत राहतें.

तेव्हां पहिलें काम हत्यार उचलण्याचें नाहीं, पाहण्याचें आहे. गाडी केव्हां बंद पडते? सकाळीं थंड असतांना, कीं तास दोन तास चालून तापल्यावर? प्रत्येक चौकांत, कीं मधून मधून? एकाएकीं, दिवा मालवावा तशी, कीं धापा टाकीत हळूहळू? ब्रेक दाबला म्हणजेच कां? या प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून ठेवावीं. एकाएकीं मालवणारें इंजिन बहुधा ठिणगीवांचून मरतें. धापा टाकीत मरणारें बहुधा पेट्रोलवांचून. थंडपणीं वाईट आणि गरम झाल्यावर बरें, तर मिश्रण पातळ असण्याचा संभव अधिक. थंडपणीं बरें आणि गरम झाल्यावर वाईट, व मागें काळा धूर, तर मिश्रण जाड आहे, किंवा चोक पुरता मिटत नाहीं. ब्रेक दाबतांच बंद पडत असेल आणि गाडीला ब्रेकच्या मदतीसाठीं निर्वातावर चालणारा डबा बसविलेला असेल, तर त्या डब्याचा रबरी पडदा किंवा त्याची नळी फाटली आहे कीं काय तें आधीं पाहावें. हीं सर्व अनुमानें आहेत, सिद्धान्त नव्हेत. पण अंधारांत चांचपण्यापेक्षां बरीं.

दुसरी गोष्ट गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते: एका समीकरणांत दोन अज्ञात राशि एकदम बदलल्या तर उत्तराचा अर्थ लागत नाहीं. एका वेळीं एकच वस्तु बदलावी, इंजिन चालवून पाहावें, मग पुढें जावें. एकाच सकाळीं प्लग, पॉइंट, कॉइल आणि कार्ब्युरेटर बदलणाऱ्याची गाडी कदाचित् सुधारेल. परंतु कशानें सुधारली हें त्याला कळणार नाहीं, आणि पुन्हां बिघडली तर तो पुन्हां चारही बदलील.

शोधाचा आरंभ ठिणगीपासून करावा. तेथें खर्च थोडा, आणि दोष सांपडण्याचा संभव मोठा. डिस्ट्रिब्यूटरचें टोपण काढलें कीं पॉइंट दिसतात. त्यांचीं टोकें करडीं व सपाट असावींत. एकावर डोंगर आणि दुसऱ्यावर खळगा झाला असेल तर ते बदलावे. इंजिन हातानें फिरवून पॉइंट पुरते उघडले असतां मधली फट फीलर गेजनें मोजावी. ती बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांत मिळतो. पॉइंटाची फट बदलली कीं ठिणगीची वेळही बदलते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं: फट मोठी तर ठिणगी लवकर, फट लहान तर उशिरां. म्हणून फट आधीं व वेळ मागाहून लावावी. टोपणाच्या आंतून केसासारखी काळी रेघ दिसली तर ती तडा समजावी. पावसाळ्यांत सकाळीं गाडी कुरकुरते ती पुष्कळदां या रेघेमुळें.

आणखी एक परीक्षा अवश्य करावी. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा बोटांनीं धरून बाजूला हलवून पाहावा. तो लटपटत असेल तर बुश झिजला आहे. अशा गाडींत फट कितीही काळजीनें लावली तरी प्रत्येक फेऱ्याला ती वेगळी पडते, आणि इंजिन मंद गतींत लंगडतें. अशा वेळीं नवे पॉइंट घालणें म्हणजे पायांत कांटा असतां जोडा बदलणें होय.

कंडेन्सर ही करंगळीएवढी डबी. तिची धारणा सुमारें ०.२ मायक्रोफॅरड. ती बिघडली कीं पॉइंट लवकर जळतात आणि ठिणगी पिवळी व मरगळलेली पडते. गरम झाल्यावर गाडी एकाएकीं बंद पडते आणि अर्ध्या तासानें, जणू कांहीं झालेंच नाहीं अशी, चालू होते. त्या वेळीं संशय कॉइलवर किंवा कंडेन्सरवर धरावा. दोन्ही वस्तु तापल्यावर दगा देतात. घरीं थंड असतांना तपासून दोष नाहीं म्हणणें फसवें आहे. गाडी बंद पडेल तेथेंच ठिणगी पाहावी.

यानंतर चोरून शिरणाऱ्या हवेकडे वळावें. कार्ब्युरेटरच्या बुडाचें गॅस्केट, नळी आणि हेड यांमधला सांधा, डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी निर्वाताची बारीक रबरी नळी आणि तिच्या टोंकाच्या डबींतील पडदा, या नेहमींच्या जागा होत. कांहीं कारागीर सांध्यांवर पेट्रोल शिंपडून वेग वाढतो कां पाहतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडणें हा शुद्ध अविचार आहे. गाड्या जळाल्या आहेत त्या अशाच. साबणाच्या पाण्यांत कुंचला बुडवून तो एकेका सांध्यावरून फिरवावा. जेथें हवा शिरते तेथें पाणी ओढलें जाऊन फट क्षणभर बुजते आणि इंजिनाची चाल बदलते. तेवढ्यानें जागा सांपडते. पाणी डिस्ट्रिब्यूटरवर मात्र उडूं देऊं नये.

जुन्या गाड्यांत हवा चोरण्याची एक जागा सांध्यांत नसून खुद्द कार्ब्युरेटरच्या अंगांत असते. थ्रॉटलची झडप ज्या दांड्यावर फिरते तो दांडा व त्याचें भोंक वर्षानुवर्षांच्या घर्षणानें झिजतें. दांडा वरखालीं हलत असेल आणि त्याच्या टोंकाशीं साबणाचें पाणी लावतांच चाल सुधारत असेल, तर कोणताही स्क्रू या गाडीला सुधारणार नाहीं. चांगल्या टर्नरकडून भोंक मोठें करवून त्यांत पितळेचा बुश बसवून घ्यावा. हें काम नव्या, आणि बहुधा नकली, कार्ब्युरेटरपेक्षां स्वस्त पडतें व अधिक टिकतें.

मग पेट्रोल. टांकीच्या झांकणाला हवा आंत येण्यासाठीं बारीक वाट असते; ती बुजली तर गाडी दहावीस किलोमीटर नीट चालून गळाठते. अशा वेळीं झांकण सोडतांच फुस्सकन् हवा आंत गेल्याचा आवाज येतो, आणि निदान तेथेंच संपतें. पंपाचा पडदा फाटला असेल तर पेट्रोल इंजिनाच्या तेलांत उतरतें; तेलाची पट्टी काढून वास घेतल्यास कळतें. अशी गाडी तेल बदलल्याशिवाय चालवूं नये. फ्लोटची पातळी वर गेली असेल तर मिश्रण जाड होतें आणि प्लगांवर काजळी धरते. स्लो जेट बुजलेला असेल तर तो काढून पेट्रोलनें धुवावा व वाऱ्यानें फुंकावा. त्यांत तार घालूं नये. सुईएवढ्या भोंकाला तारेचा एक ओरखडा पुरतो.

उन्हाळ्यांत घाट चढतांना पंपांतील व नळींतील पेट्रोल तापून त्याची वाफ होते, आणि पंप पेट्रोलऐवजीं वाफच ढकलीत राहतो. पंपाला ओलें फडकें गुंडाळून, बॉनेट उघडून, पंधरा मिनिटें सावलींत थांबण्याचा बोरघाटांतील ड्रायव्हरांचा जुना उपाय शास्त्रशुद्ध आहे. मात्र तो नित्याचा झाला तर पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या फार जवळून गेली आहे काय तें पाहावें.

या सर्वांत अलीकडे एक नवी भर पडली आहे. भारतांत पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण वाढत जाऊन २०२५ सालीं तें २० टक्क्यांवर आलें. जुन्या गाडीच्या मंद गतीशीं याचा थेट संबंध आहे. एक भाग शुद्ध पेट्रोल पुरतें जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते; इथेनॉलला सुमारें ९ भागच पुरतात, कारण प्राणवायु त्याच्या अंगींच असतो. वीस टक्के मिश्रणाला म्हणून साडेतेरा भागांच्या आसपास हवा पुरते. नवीन गाडीचा संगणक हें ओळखून पेट्रोल वाढवितो. कार्ब्युरेटरला ही बुद्धि नाहीं. तो जुन्याच हिशेबानें हवा देत राहतो आणि मिश्रण पातळ पडतें. गेल्या कांहीं वर्षांत ज्या मालकांच्या गाड्या कांहीं न बिघडतां उभ्या जागीं कुरकुरूं लागल्या, त्यांतील कित्येकांचें कारण हें असावें. मिश्रणाचा स्क्रू किंचित् सोडणें, आणि तेवढ्यानें न भागल्यास जेट एका नंबरानें मोठा घालणें, हा त्यावर उपाय. इथेनॉलनें जुनें रबर फुगतें व सडतें. तेव्हां पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधील रबर हीं इथेनॉल सोसणाऱ्या जातीचीं घालावीं. इथेनॉल पाणीही ओढून घेतें. महिनोन्‌महिने कापडाखालीं झांकून ठेवलेल्या गाडीच्या टांकींत तळाला पाणी व इथेनॉल वेगळें होऊन बसतें, आणि पंप नेमका तळाचाच घोट घेतो. अशी गाडी बाहेर काढण्यापूर्वीं जुनें पेट्रोल काढून टाकावें. महिन्यांतून दोनदां तिला फिरवून आणणें अधिक चांगलें.

इतकें करूनही एखादा सिलिंडर लंगडत असेल तर तो कोणता तें शोधावें. इंजिन मंद चालू ठेवून एकेका प्लगची तार रबरी मुठीच्या पकडीनें क्षणभर उचलावी. उघड्या हातानें नव्हे, कारण तेथें हजारों व्होल्टांचा दाब असतो. तार उचलतांच वेग पडला तर तो सिलिंडर काम करीत होता. कांहींच फरक पडला नाहीं तर दोषी सांपडला. प्लग बदलूनही तो तसाच राहिला तर त्याच्या व्हॉल्व्हची टॅपेटची फट मोजावी. फट फार कमी झाली असेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं, दाब निसटतो, आणि मंद गतींत तो सिलिंडर मृतवत् होतो. येथेंही उणें निघालें तर हेड उघडण्याचा प्रसंग आहे असें समजून चांगला मिस्त्री गांठावा.

मग, आणि मगच, ते दोन स्क्रू. हें काम उघड्यावर करावें. मिटलेल्या गॅरेजांत इंजिन चालविल्यास त्याचा धूर माणूस मारतो, आणि त्यांतील विषारी वायूला वास नसतो. हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलला ठेवावा, इंजिन पुरतें तापूं द्यावें. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हातानें आंत टेंकवावा आणि सुमारें दीड फेरा बाहेर घ्यावा. जोर लावून आंवळल्यास त्याच्या निमुळत्या टोंकाला वळ पडतो आणि पुढें तो नेमका लागत नाहीं. वेगाच्या स्क्रूनें इंजिन कसेंबसें चालेल एवढेंच ठेवावें. मग मिश्रणाचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवून जेथें चाल सर्वांत जलद व गुळगुळीत वाटेल तेथें थांबावें; वेग वाढला कीं वेगाचा स्क्रू सोडून तो उतरवावा; पुन्हां मिश्रण पाहावें. असें दोन तीन वेळां केलें म्हणजे मिनिटाला ७०० ते ८०० फेऱ्यांच्या आसपास इंजिन स्थिर होतें. मिश्रणाचा स्क्रू फिरवितांना चाल बदलली पाहिजे. बदलत नसेल तर वर सांगितलेला एखादा दोष अजून शिल्लक आहे, आणि मागें जाऊन तो शोधणें प्राप्त आहे. शेवटीं पुढचे दिवे लावून पाहावें; दिव्यांचा भार पडूनही इंजिन तग धरून राहिलें तर चौकांत तें फसविणार नाहीं. पंधरा वीस किलोमीटर फिरून आल्यावर प्लग काढावे. त्यांचें टोंक फिकट तपकिरी असावें. काळें असेल तर मिश्रण जाड, पांढरें असेल तर पातळ.

मुंबईला लावलेली गाडी महाबळेश्वरीं नेली तर ती उभ्या जागीं थोडी जड चालेल. तें स्थान समुद्रसपाटीपासून सुमारें १३५० मीटर उंच आहे. तेथें हवा विरळ, म्हणून मिश्रण आपोआप जाड होतें, आणि नळींतील निर्वातही चारएक इंचांनीं कमी भरतें. तेथें स्क्रूला हात लावूं नये. गाडी घाट उतरून खालीं आली कीं चाल पूर्ववत् होते.